उतरंडीतलं बी आणि शेजारणीचा बांध



इतिहास म्हटला की आपल्याला कंधारचा किल्ला आठवतो, औशाचे आणि उदगीरचे बुरूज आठवतात. त्यांच्यावर पुस्तकं आहेत, पाट्या आहेत. आपल्या आजीच्या घरातही एक इतिहास मांडून ठेवलेला असायचा. त्याला पाटी नव्हती, म्हणून तो कुणी वाचला नाही. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यातली ती उतरंड. एकावर एक रचलेली गाडगी-मडकी. एकात राखेत घोळलेले मूग, एकात उडीद, एकात कडुलिंबाचा पाला घातलेली तूर. वरच्या लहान गाडग्यांत तीळ, कारळे, जवस, अंबाडी, दोडक्या-भोपळ्याच्या बिया. ही उतरंड आज किती घरांत उरली? ती गेली कशी? आणि परत आणायची तर काय करावं लागेल? आज यावर बोलू.

‘जैवविविधता’ हा शब्द आता ग्रामपंचायतीच्या कागदांवरही येतो. तो ऐकला की वाटतं, हे वाघा-बिबट्याचं काम, किनवट-माहूरकडच्या जंगलाचं काम, आपल्या शेताशी त्याचा काय संबंध? पण एका रानात दहा जातींची पिकं उभी असणं, बांधावर बोर-बाभूळ-कडुलिंब असणं, त्यावर पाखरं आणि फुलांवर मधमाश्या असणं, हीसुद्धा जैवविविधताच. आणि तिची राखण शेकडो वर्षं बायांच्या हातात होती, कारण बी निवडणं, वाळवणं आणि जपून ठेवणं हे बायांचं काम होतं.

दुसरा एक शब्द आहे, ‘वर्तनशास्त्र’. माणूस जे करतो ते का करतो, आणि जे करायला हवं हे कळूनही का करत नाही, याचा अभ्यास. आपल्या भाषेत याला जुनी म्हण आहे: कळतं पण वळत नाही. वर्तनशास्त्र हे ‘वळत का नाही’ याचं शास्त्र. हा अभ्यास निसर्ग राखायच्या कामी कसा येतो, हे आपल्याच लातूर-नांदेडच्या मातीत बघता येतं.

आधी जुनं रान बघू. खरिपात ज्वारी पेरायची ती एकटी नाही. ज्वारीच्या काही ओळींनंतर तुरीची ओळ. तिफण पुढं चालायची आणि मागून बाई नळीतून तुरीचे दाणे सोडत जायची. मधून मूग-उडीद. कडेनं अंबाडी, तीळ, कारळे. रब्बीत ज्वारी नाहीतर हरभरा, मध्ये जवस आणि बांधाकडेनं काटेरी करडईचे तास, म्हणजे जनावर आत शिरायला बिचकावं. यात मोठं शहाणपण होतं. पाऊस लवकर गेला तर मूग-उडीद हाती लागलेले असायचे. उशिरा आला तर तूर तगायची. सगळंच बुडालं असं वर्ष क्वचित यायचं. डाळवर्गीय पिकांच्या मुळांवरच्या गाठींमुळं जमिनीला नत्र मिळायचं. कारळ्याच्या आणि करडईच्या फुलांवर मधमाश्या यायच्या. ज्वारीची भाकरी, डाळीचं वरण, अंबाडीची भाजी, कारळ्याची चटणी, करडईचं तेल, सगळं ताट एका रानातून निघायचं.

हे सगळं टिकलं कसं? कुणी भाषण देत नव्हतं, कुणी शिबिर घेत नव्हतं. ते रिवाजानं टिकलं. आपली येळवसच घ्या. मार्गशीर्षातल्या अमावास्येला लातूर, धाराशिव, नांदेडचा काही भाग आणि तिकडं बिदरपर्यंत घरंच्या घरं रानात जातात. कडब्याची कोप उभी करायची, आत पाच पांडव मांडायचे, आंबील, उंडे, खीर आणि भज्जी करायची. आता वेगळ्या नजरेनं त्या भज्जीकडं बघा. ओली तूर, हरभऱ्याचे घाटे, वाटाणा, वाल, भुईमूग, पालेभाज्या, चिंच. जिच्या रानात नाना तऱ्हा, तिची भज्जी चवदार. शिवाय तो दिवस असा, की पाव्हणे-रावळे, ओळखीचे-अनोळखी, सगळे एकमेकांच्या रानात जेवायला जातात. म्हणजे वर्षातून एकदा सगळ्या गावाला सगळ्या गावाचं रान दिसतं. कुणाकडं काय आहे, कुणाकडं नाही, ते जेवता जेवता कळतं. कुणाकडून मूठभर बी मागून घेता येतं. वर्तनशास्त्राचे अभ्यासक ज्याला ‘सामाजिक रूढीचं बळ’ म्हणतात, ते हेच. चारचौघी करतात म्हणून मीही करते, आणि चारचौघी बघतात म्हणून नीट करते.

मग हे मोडलं कसं? एका दिवसात मोडलं नाही. १९६४ साली ‘सीएसएच-१’ ही ज्वारीची पहिली संकरित जात देशात आली. लोकांच्या तोंडी ती ‘हायब्रीड’ झाली. १९७२ चा दुष्काळ आपल्या सासू-आजेसासूंनी खडी फोडत काढला. त्याच वर्षी परभणीला आपलं कृषी विद्यापीठ सुरू झालं. ज्यांनी भूक बघितली त्यांना जास्त दाणे देणारं बी हवंसं वाटलं, यात चूक काय? पण संकरित बी घरी ठेवून पेरलं तर तसं पीक देत नाही, ते दरवर्षी विकत घ्यावं लागतं. तिथं उतरंडीतलं पहिलं गाडगं रिकामं झालं.

नांदेडकडं हेच कापसाचं. तिथली जुनी गावरान कपाशी काळ्या जमिनीत, पावसाच्या पाण्यावर यायची आणि तिची सरकी घरचीच असायची. पुढं १९८० च्या दशकात नांदेडच्याच कापूस संशोधन केंद्रातून ‘नांदेड-४४’ हे संकरित वाण आलं आणि गाजलं. २००२ साली देशात बीटी कापसाला परवानगी मिळाली आणि काही वर्षांत शिवारं बीटीनं भरली. लातूरकडं सोयाबीन आलं. शंभर दिवसांच्या आसपास निघणारं, दिवाळीच्या तोंडावर रोख पैसा देणारं, मळणी यंत्रातून झटपट काढता येणारं पीक. लातूरला मोठा बाजार, तेलाचे कारखाने. मूग, उडीद, पिवळी ज्वारी, तीळ, अंबाडी एकेक करून मागं सरले.

यात कुणी मूर्ख नव्हतं, हे नीट लक्षात घ्या. प्रत्येकानं आपापल्या घराचा हिशोब केला. पण तो हिशोब पसरला कसा, यात खरी गंमत आहे. त्यासाठी थोडं लांब, अमेरिकेत जाऊ.

अमेरिकेत आयोवा नावाचं मक्याचं राज्य आहे. तिथं १९२८ च्या सुमारास संकरित मका आला. ब्राइस रायन आणि नील ग्रॉस या दोन अभ्यासकांनी तिथल्या दोन वस्त्यांमधल्या २५९ शेतकऱ्यांना विचारलं: हे बी तुम्हाला कुणाकडून कळलं आणि ते घ्यायचं कुणामुळं ठरवलं? हा अभ्यास १९४३ साली छापून आला. बहुतेकांना नव्या बियाण्याची बातमी कंपनीच्या विक्रेत्यांकडून कळली होती. पण पेरायचं ठरवलं ते शेजाऱ्याचं रान बघून. पहिल्यांदा थोड्याच जमिनीत पेरून बघितलं, मग वाढवलं. बातमी पोचणं आणि मन वळणं यांत वर्षं गेली. पण एकदा पुरेशा बांधांवर ते दिसायला लागल्यावर वेग आला आणि १९४१ पर्यंत दोघं सोडून सगळ्यांनी ते बी घेतलेलं होतं.

आपल्याकडंही वेगळं झालं नाही. सोयाबीन पत्रक वाचून आलं नाही, शेजारच्या रानात दिसलं म्हणून आलं. यातून मला एक गोष्ट स्पष्ट दिसते: जुनं बी ज्या वाटेनं गेलं, त्याच वाटेनं परत येऊ शकतं. ती वाट शेजारणीच्या बांधावरून जाते. नुसत्या सभेतून, नुसत्या पोस्टरमधून ते परत यायचं नाही.

आणि एकटीनं आणायला गेलं तरी येत नाही. का ते ज्वारीला विचारा. पूर्वी सगळ्या शिवारात ज्वारी असायची, पाखरं आली तरी सगळ्यांच्या रानात थोडी थोडी वाटली जायची. आता शिवारभर सोयाबीन आणि मध्ये एकीचीच ज्वारी. मग सगळ्या पाखरांची पंगत तिच्याच रानात बसते. ती पुढच्या वर्षी ज्वारीचं नाव काढत नाही. तिला ज्वारीचे फायदे सांगून उपयोग नाही, ते तिला आपल्याहून जास्त माहीत आहेत. तिला हवी असते सोबत. दहाजणींनी एकाच वेळी, एकमेकींना लागून पेरलं तर पाखरांचा वाटा वाटला जाईल आणि राखणही पाळीपाळीनं होईल.

आता आपल्याच जिल्ह्यात घडलेला इतिहास सांगते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातली ५२ गावं पार जमीनदोस्त झाली, हजारो माणसं गेली. त्यानंतर घरं दुरुस्त करायचा आणि मजबूत करायचा मोठा सरकारी कार्यक्रम आला. त्यात स्वयम् शिक्षण प्रयोग या संस्थेनं, तिच्या संस्थापक प्रेमा गोपालन यांनी, एक वेगळी वाट धरली. गावोगावच्या बायांना ‘संवाद सहायक’ म्हणून पुढं आणलं. घर कसं बांधायचं, अनुदान कसं मिळतं, हे इंजिनिअरऐवजी गावातलीच बाई दुसऱ्या बाईला सांगू लागली. सांगणारी आपल्यातली असली की ऐकणारीचा धीर वाढतो, हा धडा तिथं मिळाला. त्याच बायांमधून पुढं बचत गट उभे राहिले.

मग दुष्काळांची रांग लागली. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं, ते आपण कुणीच विसरलो नाही. या दुष्काळांच्या काळात याच संस्थेच्या सख्यांनी ‘एक एकर’ शेतीची पद्धत गावोगाव नेली. मागणी अगदी लहान होती. बाईनं घरात सांगायचं: बाकीच्या रानात तुम्हाला जे पेरायचं ते पेरा, मला अर्धा-एक एकर द्या, त्यात काय पेरायचं ते मी ठरवीन. त्यात मग ज्वारी-बाजरी, मूग, उडीद, तूर, भाज्या अशी मिसळ, शेणखत, जीवामृत, घरचं बी. आधी घर खाणार, उरलं तर बाजार. २०१६ सालीच संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचं ‘इक्वेटर पारितोषिक’ या संस्थेला मिळालं.

ही पद्धत का रुजली ते तपासलं तर वर्तनशास्त्राची पाच-सहा सूत्रं त्यात सापडतात. डॅनियल काहनेमन आणि अमोस ट्वेर्स्की यांनी १९७९ साली दाखवून दिलं, की माणसाला शंभर रुपये मिळाल्याचा जेवढा आनंद होतो, त्याहून शंभर रुपये गेल्याचं दुःख कितीतरी मोठं असतं. म्हणून ‘सोयाबीन सोडा’ म्हटलं की घरात भीती शिरते. ‘एक एकर द्या’ म्हटलं की भीती एक एकरापुरतीच राहते. पालेभाजी महिन्याभरात ताटात दिसते, त्यामुळं फळ मिळायला वर्षभर थांबावं लागत नाही. सांगणारी शेजारीण असते. आणि निर्णय बाईचा असतो, म्हणून ती तो जिवापाड जपते.

या निर्णयाच्या हक्कालाही इतिहास आहे. १९९० च्या आसपास शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं ‘लक्ष्मीमुक्ती’ची मोहीम काढली. घरच्या जमिनीतला काही भाग बायकोच्या नावावर करायचा. ज्या गावात शंभर घरांनी तसं केलं, ते ‘लक्ष्मीमुक्ती गाव’ म्हणून गौरवलं जायचं. बघा, तिथंही एकट्या-दुकट्याला गाठलं नाही, गावाच्या अभिमानाला हात घातला. आज जिचं नाव सातबाऱ्यावर आहे तिला आपल्या एकराचं बोलणं सोपं जातं. जिचं नाही तिच्यासाठी ते अवघड असतं, आणि गटानं तिच्या पाठीशी उभं राहायला हवं.

गटाचं बळ किती, याचा एक प्रयोग मला फार आवडतो. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत मांसाची टंचाई होती. सरकारला वाटत होतं की लोकांनी जनावराचं काळीज, गुर्दे असे भागही खावेत. बायका तयार नव्हत्या. कुर्ट लेविन या मानसशास्त्रज्ञानं बायकांचे सहा गट घेतले, प्रत्येकात १३ ते १७ जणी. म्हणजे आपल्या बचत गटाएवढेच. तीन गटांना उत्तम भाषण दिलं, फायदे सांगितले, कृती छापून दिल्या. उरलेल्या तीन गटांत भाषण नाही, चर्चा ठेवली: आपल्यासारख्या बायकांना यात अडचण काय येते? वास येतो, घरचे नाकं मुरडतात, शिजवायचं कसं? सगळं मोकळेपणानं बोलून झाल्यावर विचारलं, येत्या आठवड्यात कोण कोण करून बघणार? हात वर करा. पुढं घरोघरी चौकशी केली. भाषण ऐकलेल्यांपैकी शेकडा ३ जणींनी ते पदार्थ केले होते. चर्चा करून हात वर केलेल्यांपैकी शेकडा ३२ जणींनी. आपण ते खातो की नाही हा प्रश्न इथं नाही. प्रश्न असा की आपल्या मासिक बैठकीत आपण भाषण ठेवतो की चर्चा?

शेताबाहेरच्या जिवांनाही हेच लागू पडतं. आसामात ‘हरगिला’ नावाचा उंच, टक्कल पडलेला करकोचा आहे. लोक त्याला घाण आणि अपशकुनी मानायचे, त्याची घरटी असलेली झाडं तोडायचे. पूर्णिमा देवी बर्मन या संशोधक बाईंनी काय केलं? गावच्या बायकांना गोळा केलं आणि या पक्ष्याचं डोहाळजेवण घातलं. घरट्यात पिलं येणार म्हणून ओटीभरणाचा कार्यक्रम, गाणी, जेवण. मग बायका मागावर हरगिल्याची नक्षी विणू लागल्या. जो पक्षी अपशकुनी होता तो माहेरवाशीण झाला. आज हजारो बायका ‘हरगिला आर्मी’ म्हणून काम करतात आणि २०२२ साली पूर्णिमाताईंना संयुक्त राष्ट्रांचा ‘चॅम्पियन्स ऑफ द अर्थ’ हा सन्मान मिळाला. आपल्या कोकणातल्या वेळासमध्ये समुद्री कासवांची अंडी चोरीला जायची. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेनं २००२ पासून गावकऱ्यांना सोबत घेऊन ती राखली. २००६ पासून तिथं कासव महोत्सव होतो. पाहुणे गावातल्या घरांतच उतरतात आणि जेवतात, त्यामुळं कासव जगण्यात घराघराचा वाटा आहे.

आपल्याच राज्यात अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना गावरान बियाणं जपल्याबद्दल २०२० चा पद्मश्री जाहीर झाला. त्या शाळेत गेलेल्या नाहीत. जे आपल्या आज्यांनी केलं तेच त्यांनी नेटानं केलं.

यात अडचणी नाहीत असं मी म्हणणार नाही. मिसळीच्या पिकात निंदणी-वेचणीचा भार बाईवरच पडतो. रानडुकरं आहेत. ज्वारीला भाव मिळेलच याची खात्री नाही. वर्तनशास्त्र भाव वाढवून देत नाही आणि पाऊसही पाडत नाही. त्यासाठी सरकारदारी मागणं चालूच ठेवावं लागेल. पण बियाण्याला तेवढं थांबायला वेळ नाही. मूग, तीळ, अंबाडी यांचं बी काही वर्षं पेरलं नाही तर त्याची उगवण जाते. आणि त्याची ओळख ज्या मावश्यांना, आज्यांना आहे, त्या आता सत्तरी-ऐंशीच्या घरात आहेत. दोन्ही एकाच वेळी आपल्या हातून सुटतंय.

म्हणून पुढच्या बैठकीसाठी एक काम देते. हप्ते गोळा झाले की गटातल्या नाहीतर गल्लीतल्या सगळ्यात वयस्कर बाईला बोलवा. तिच्या उतरंडीत काय काय होतं ते विचारा आणि वहीत लिहा. मग गोल बसून बोला: यातलं कुणाकडं अजून बी आहे? पेरायला अडचण काय आहे? घरचे काय म्हणतील? सगळ्यांचं बोलून झाल्यावर हात वर करायला सांगा: या मृगात अर्धा एकर, पाच गुंठे, निदान बांधाची एक ओळ, कोण पेरणार? नावं गटाच्या ठराव-वहीत लिहा. शक्यतो रान लागून असलेल्या जणींनी एकच पीक एकाच आठवड्यात धरा. बी एकमेकींना द्या, आणि सुगीला थोडं जास्त करून परत घ्या, म्हणजे गटाचं गाडगं भरत जाईल.

दुसरं, ग्रामपंचायतीत जा. २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार प्रत्येक गावात जैवविविधता व्यवस्थापन समिती असते आणि लोकांची जैवविविधता नोंदवही असते. त्या समितीत किमान एक तृतीयांश बाया असाव्यात असं २००४ च्या केंद्रीय नियमांत लिहिलं होतं. आपल्या समितीत कोण आहे ते विचारा, नोंदवही बघायला मागा. आज्यांनी सांगितलेली बियांची यादी तिच्यात नसेल तर नोंद करायला लावा.

आणि तिसरं येळवसचं. यंदा भज्जीत घातलेली किती जिन्नसं आपल्याच रानातली होती, ते गटातल्या प्रत्येकीनं मोजा आणि वहीत आकडा लिहा. कुणाची तीन, कुणाची सात. कुणाला हिणवायचं नाही. पुढच्या येळवसला परत मोजा. तुमच्या गटाचे आकडे आम्हाला कळवा, आपण ते याच कार्यक्रमात गावाच्या नावासह वाचून दाखवू.